नाताळचे दिवस आणि मनावरचे मळभ

नोव्हेंबर संपत आला की युरोप-अमेरिकेत सणांचा हंगाम सुरू होतो. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग, ज्यू घरांत हनुक्का, २५ डिसेंबरला नाताळ आणि पाठोपाठ नवे वर्ष. या पाच-सहा आठवड्यांत दुकाने, जाहिराती आणि टीव्हीवरचे चित्रपट एकच चित्र दाखवतात: सगळे घरी आले आहेत आणि सगळे आनंदात आहेत. ज्यांच्या घरी तसे नसते, त्यांना हे दिवस जड जातात. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या ४३ ताणदायक घटनांची यादी करून प्रत्येकीला गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, नाताळला १२ आणि कायद्याच्या किरकोळ उल्लंघनाला ११. म्हणजे पोलिसाने पावती फाडणे आणि नाताळ साजरा करणे यांत एका गुणाचा फरक. बारा गुण तसे फार नव्हेत, पण आधीच वाकलेल्या माणसाच्या पाठीवर तेही येऊन पडतात.

या दिवसांतल्या उदासीला सरसकट एकच नाव दिले जाते, आणि गफलत तिथेच होते. कोणाला अंधाराचा त्रास होतो, कोणाला गेलेल्या माणसाच्या आठवणीचा, कोणाला एकटेपणाचा, तर कोणाला भरल्या घराचाच. कारण ओळखल्याशिवाय उपाय लागू पडत नाही.

अंधाराचे कारण सर्वांत ठोस आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लंडनमध्ये सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. मुंबईत वर्षातला सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोमध्ये तर नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. नॉर्मन रोझेन्थाल हे मानसोपचारतज्ज्ञ १९७६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून न्यूयॉर्कला आले. हिवाळ्यात आपला उत्साह ओसरतो आणि वसंतात परत येतो, हे त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आले. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत काम करताना १९८४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर’ या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. नैराश्यात सहसा झोप उडते आणि जेवण जात नाही. या ऋतुबद्ध नैराश्यात बहुतेक वेळा उलटे होते. झोप पुरत नाही, पाव-बटाटे-गोड यांची वखवख सुटते, वजन वाढते आणि माणसांत मिसळणे नकोसे होते. मुंबई-पुण्याहून तिकडे गेलेल्या मराठी मुलामुलींना पहिल्या हिवाळ्यात हे जाणवले, तर घरच्या आठवणीने असे होत असेल अशी समजूत सहज होते. घरची आठवण असतेच, पण त्यामागे सूर्यप्रकाशाची उपासमारही असू शकते.

त्यावर प्रकाशाचाच उपाय आहे. घरातल्या दिव्यांचा उजेड फार तर काहीशे लक्स असतो. उपचारासाठी वापरली जाणारी दिव्याची पेटी १०,००० लक्स प्रकाश देते. ती टेबलावर हातभर अंतरावर ठेवून सकाळी उठल्यावर सुमारे अर्धा तास तिच्यासमोर बसायचे. नाश्ता करावा, पेपर वाचावा. दिव्याकडे टक लावून पाहायचे नाही, डोळे फक्त उघडे हवेत. ज्यांना डोळ्यांच्या पडद्याचा विकार आहे किंवा बायपोलर आजार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही पेटी वापरू नये; बायपोलर आजारात तिच्यामुळे मनःस्थिती दुसऱ्या टोकाला जाऊ शकते. पेटी नसेल तर सकाळी बाहेर फिरणेही उपयोगी पडते. ढगाळ आकाशाखालीसुद्धा खोलीतल्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड असतो.

शोकाची गोष्ट वेगळी. घरातले माणूस गेल्यानंतरचा पहिला नाताळ अनेकांना वर्षातला सर्वांत अवघड दिवस वाटतो. जेवणाच्या टेबलावरची एक खुर्ची रिकामी असते, भेटकार्डावर एक नाव कमी लिहायचे असते. महाराष्ट्रात अशा वेळी रूढी मदतीला येते. घरात मृत्यू झाला असेल तर अनेक कुटुंबे वर्षभर सण करत नाहीत, दिवाळीला कढई चढत नाही आणि फराळाचे डबे शेजारी व नातलगांकडून येतात. या रूढीच्या जाचक बाजूंबद्दल पुष्कळ बोलता येईल, पण तिचा एक उपकार मान्य करावा लागतो: दुःखी माणसाला आनंदी न दिसण्याची मुभा मिळते आणि कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्येही सुतकाचे काळे कपडे आणि काळ्या काठाचे पत्राचे कागद होते. पहिल्या महायुद्धानंतर ती प्रथा विरत गेली आणि शोक ज्याचा त्याने खासगीत करण्याची गोष्ट झाली.

काही समाजांनी मात्र सणातच शोकाला जागा ठेवली आहे. फिनलंडमध्ये २४ डिसेंबरला कुटुंबेच्या कुटुंबे दफनभूमीत जातात. हेल्सिंकीत दुपारी तीन-सव्वातीनलाच सूर्य मावळतो. आजी-आजोबांच्या थडग्यावरचे बर्फ हाताने बाजूला सारून तिथे मेणबत्ती लावली जाते आणि थोड्याच वेळात सगळी दफनभूमी उजळते. मग घरी जाऊन जेवण. पोलंडमध्ये त्याच संध्याकाळी टेबलावर एक ताट जास्तीचे मांडतात. ते अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी असते, पण पुष्कळ घरांत त्या ताटाशी गेलेल्या माणसाची आठवणही जोडलेली असते. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधली अनेक चर्चे २१ डिसेंबरच्या सुमारास, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री, शोकाकुल लोकांसाठी वेगळी प्रार्थना ठेवतात. घरच्या घरीही हे करता येते. गेलेल्या माणसाचे नाव टाळण्याऐवजी मुद्दाम घ्यावे, त्याच्या आवडीचा एखादा पदार्थ करावा, यंदा कोणती रीत पाळायची आणि कोणती सोडायची हे आधीच ठरवावे.

एकटेपणा सणाच्या दिवशी जास्त टोचतो, कारण त्या दिवशी सगळे बंद असते. २५ डिसेंबरला लंडनची भुयारी रेल्वे आणि बस धावत नाहीत, दुकानेही बहुतेक बंद असतात. कंटाळा आला म्हणून कुठे निघून जावे, तर सोय नाही. एकट्या वृद्धांची आणि दूर देशाहून आलेल्या विद्यार्थ्यांची गत सारखीच. अशा वेळी कोणी बोलावण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा आठवडाभर आधी आपणच दोघा-चौघांना जेवायला बोलावणे किंवा एखाद्या अन्नछत्रात वाढायला जाणे चांगले. घर खायला उठते ते रिकाम्या वेळामुळे.

भरल्या घराचे ताण वेगळे. वर्षभर न भेटलेले भाऊबंद एका छताखाली येतात, दारू असते, जुनी उणीदुणी निघतात. मुक्काम दोन दिवसांचा ठेवणे आणि वादाचे विषय टाळणे यात कमीपणा नाही. ऋण काढून सण करण्याची सवयही सार्वत्रिक आहे. क्रेडिट कार्डाचे बिल जानेवारीत येते. या सगळ्याचा भार शरीरावरही पडत असावा. स्वीडनमध्ये १९९८ ते २०१३ या काळातल्या सुमारे २ लाख ८३ हजार हृदयविकाराच्या झटक्यांचा अभ्यास झाला, तेव्हा नाताळच्या आदल्या दिवशी, म्हणजे तिथल्या मुख्य सणाला, झटक्यांचे प्रमाण ३७ टक्क्यांनी जास्त आढळले. रात्री दहाच्या सुमारास ते सर्वांत जास्त होते. छातीत दुखू लागल्यावर ‘सण होऊ दे, मग पाहू’ म्हणणे धोक्याचे आहे.

एक गैरसमज मात्र खोडलाच पाहिजे. नाताळात आत्महत्या वाढतात असे अमेरिकन वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे छापत आली. प्रत्यक्षात अमेरिकेत डिसेंबर हा आत्महत्यांचे प्रमाण सर्वांत कमी असलेल्या महिन्यांपैकी एक असतो. ते वाढते वसंतात आणि उन्हाळ्यात. फ्रँक काप्रा यांच्या १९४६ च्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ या चित्रपटाचा नायक नाताळच्या आदल्या रात्री जीव द्यायला निघतो. या समजुतीला त्या चित्रपटानेही हातभार लावला असावा. जानेवारीतल्या एका सोमवारला ‘ब्लू मंडे’ म्हणतात, त्यालाही शास्त्राचा आधार नाही. २००५ मध्ये ते एका प्रवास कंपनीच्या जाहिरातीतून आले.

सणातली उदासी बहुधा सण सरला की सरते. दोन आठवडे उलटूनही ती हटत नसेल, झोप-भूक-काम बिघडले असेल, तर डॉक्टरांना गाठावे. जगणे नको असे वाटू लागले तर दोन आठवडेही थांबू नये. ब्रिटनमध्ये ‘समॅरिटन्स’ या संस्थेचा ११६ १२३ हा क्रमांक नाताळच्या दिवशीही चालू असतो. अमेरिकेत ९८८ आहे. भारतात ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत मिळते, रात्री-अपरात्रीसुद्धा, आणि तिथे मराठीत बोलता येते.