अक्षराआधी चित्र वाचायचं

"मलाच वाचता येत नाही, मी लेकराचा काय अभ्यास घेणार?" हे बोलणं आपल्या बचत गटाच्या बैठकीत नेहमी ऐकू येतं. आज जिंतूर असो की गंगाखेड, ऐकणाऱ्या प्रत्येक आईला आणि आजीला उपयोगी पडेल असं काम केलेल्या एका बाईंची ओळख करून घेऊ.

त्यांचं नाव माधुरी पुरंदरे. जन्म १९५२ सालचा. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या चित्रकला शिकल्या, पुढचं शिक्षण पॅरिसला जाऊन घेतलं. परत आल्यावर पुण्यात फ्रेंच भाषा शिकवली, नाटकात काम केलं, गाणंही केलं. पिकासो या मोठ्या चित्रकाराचं चरित्र मराठीत लिहिलं. त्यांच्या आई निर्मलाताई पुरंदरे यांनी 'वनस्थळी' ही संस्था उभी केली आणि खेड्यातल्या बायकांना बालवाडी चालवायला शिकवलं. माधुरीताईंनीही त्या कामाला हात लावला.

पण त्यांचं नाव घरोघरी गेलं ते मुलांच्या पुस्तकांमुळं. आपल्याकडं बहुतेक वेळा गोष्ट एकजण लिहितो आणि चित्रं दुसरा काढतो. माधुरीताई दोन्ही स्वतः करतात. त्यामुळं काय शब्दांत सांगायचं आणि काय चित्रावर सोडायचं, हे त्यांना ठरवता येतं. समजा, आजी रुसली आहे. तसं लिहिलं नाही, नुसती तोंड फिरवून बसलेली आजी दाखवली, तरी लेकरू ओळखतं. ओळखलं की बोलतं, आणि बोलता बोलता त्याची भाषा वाढते.

त्यांच्या पुस्तकांची नावं बघा: 'राधाचं घर', 'हात मोडला', 'मामाच्या गावाला'. राजा नाही, परी नाही. आपल्या रोजच्या घरातलीच माणसं आहेत. 'वाचू आनंदे' या पुस्तकांत त्यांनी मराठीतले चांगले उतारे निवडले आणि त्यांच्या जोडीला नामवंत कलाकारांची चित्रं दिली. एका पुस्तकाचं तर नावच 'चित्रवाचन' आहे. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

आता आपल्या कामाचं. चित्र वाचायला शाळा झालेली असावी लागत नाही. लेकराला मांडीवर घ्या आणि चित्र समोर धरा. "हे काय आहे?" एवढंच विचारलं तर ते "गाय" म्हणून गप्प बसेल. त्याऐवजी विचारा, "इथं काय चाललंय? ही बाई कुठं निघाली असेल? पुढं काय होईल?" उत्तर चुकलं तरी टोकू नका, त्याला सांगू द्या. पुस्तक नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवरचं चित्रही चालतं. गटानं मिळून दोन-तीन पुस्तकं घेतली आणि दर आठवड्याला घर बदललं, तर कुणा एकीवर खर्चाचा भार येत नाही. अंगणवाडीताईंनाही विचारा, पेटीत कुलूपबंद असलेली पुस्तकं लेकरांच्या हातात द्यायला सांगा.

अक्षरं आपणही शिकायचीच आहेत. पण तोवर लेकराजवळ बसायचं थांबू नका. आज रात्री जेवणं झाली की एक चित्र घेऊन बसा.