गाठ, वय आणि माहेर: स्तनाची तपासणी कोणी, कधी करावी?

हिंगोलीचा आकडा नीट वाचताना

जुलै 2025 मध्ये सार्वजनिक आरोग्यमंत्री प्रकाश आबिटकर यांनी विधिमंडळात हिंगोली जिल्ह्याची माहिती दिली आणि बातमीचा मथळा झाला: साडेचौदा हजार महिलांमध्ये कर्करोगसदृश लक्षणे. त्या वर्षी 8 मार्चला, महिला दिनी, जिल्ह्यात संजीवनी योजना सुरू झाली होती. तिच्या सर्वेक्षणात 2,92,996 महिलांनी भाग घेतला. त्यातल्या 14,542 जणींच्या उत्तरांमध्ये काहीतरी खटकण्यासारखं निघालं. पुढच्या तपासण्यांनंतर निदान झालं ते बारा जणींचं. आठ जणींना तोंडाचा कर्करोग होता, तिघींना गर्भाशयमुखाचा आणि एकीला स्तनाचा.

मथळ्यातला मोठा आकडा डोक्यात बसतो, बारा बसत नाही. पण दोन्ही मिळूनच खरी गोष्ट कळते. शंभर जणींना विचारलं तर साधारण पाच जणींनी कशाला ना कशाला ‘हो’ म्हटलं, आणि त्या ‘हो’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकींना कर्करोग नव्हता. प्रश्नावलीचं काम एवढंच असतं: कुणाला आधी तपासायचं ते ठरवणं. 2011 च्या जनगणनेत पावणेबारा लाख लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्यात जवळपास तीन लाख बायकांपर्यंत तो कागद पोचला. मार्च म्हणजे इकडे हळद काढण्याचा आणि शिजवण्याचा हंगाम, बायका दिवसभर रानात. हे काम किती मोठं आहे ते त्यावरून समजावं.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि या लेखाचं कारण तोच आहे. त्या 14,542 जणींच्या यादीत जिचं नाव आलं नाही, तिने काय समजायचं?

लक्षण वेगळं, धोका वेगळा

‘छातीत गाठ लागते का?’ हा आजचा प्रश्न आहे. ‘पुढच्या दहा-वीस वर्षांत मला हा आजार होण्याची शक्यता किती?’ हा उद्याचा. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं म्हणून दुसऱ्याचं उत्तर मिळत नाही.

देशभर आशाताई तीस वर्षांवरच्या लोकांचा जो तपासणी-तक्ता भरतात, त्यात स्तनाबद्दल तीन गोष्टी विचारलेल्या असतात: गाठ, बोंडीतून रक्तमिश्रित स्राव, आणि आकारातला बदल. तिन्ही लक्षणं. घराण्याचा प्रश्नही त्या तक्त्यात आहे, पण तो रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकाराचा. आई-बहिणीला स्तनाचा कर्करोग होता का, हे त्यात येत नाही. ही उणीव मला फार खटकते. एका ओळीची भर आहे, आणि तिच्यामुळे वेगळ्या वाटेने न्यायला हव्यात अशा मोजक्या बायका सापडतील.

गाठ लागत असेल तर

अशा बाईने धोक्याचं गणित मांडत बसूच नये. वय पंचवीस असो की सत्तर, घराण्यात काही असो वा नसो, तिला लागते ती निदानाची तपासणी. डॉक्टर हाताने तपासतात, मग सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि गरज पडली तर सुईने गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवतात. तरुण वयातल्या बहुतेक गाठी साध्या निघतात, पण साधी आहे की नाही हे तपासूनच कळतं. दुखत नाही म्हणून थांबू नका. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच. कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसणं, बोंडी नव्याने आत ओढली जाणं, काखेत गाठ येणं, याही दाखवायच्याच खुणा. वरून हळदीचा लेप लावत घालवलेले महिने परत मिळत नाहीत.

धोका कशाने वाढतो

बाई असणं आणि वय वाढणं ही दोन सर्वांत मोठी कारणं. आपल्याकडे रुग्णांची गर्दी पंचेचाळीस ते पंचावन्नच्या आसपास दिसते, पाश्चात्त्य देशांपेक्षा सुमारे दहा वर्षं आधी. आपली लोकसंख्या तरुण आहे, हे त्याचं एक कारण.

पाळी लवकर सुरू होणं, उशिरा जाणं, मूल न होणं किंवा पहिलं मूल तिशीनंतर होणं, पाळी गेल्यावर वाढलेलं वजन, दारू, या सगळ्यांनी धोका थोडाथोडा वाढतो. बाळंतपण आणि अंगावर पाजणं यांनी तो कमी होतो. 2002 साली तीस देशांतल्या माहितीचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यानुसार अंगावर पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे धोका सुमारे 4.3 टक्क्यांनी घटतो, आणि प्रत्येक बाळंतपणामागे आणखी 7 टक्क्यांनी. खेड्यांत हा आजार शहरापेक्षा कमी आढळतो, त्यात याचा वाटा आहे. पण चार लेकरं पाजली म्हणून आपल्याला होणारच नाही, असं मात्र कुणी धरून चालू नये.

‘दुप्पट धोका’ हा शब्द ऐकून जीव घाबरतो, म्हणून तो फोडून सांगते. भारतात पंचाहत्तर वर्षांपर्यंत शंभरात साधारण तीन बायकांना स्तनाचा कर्करोग होतो. आईला किंवा सख्ख्या बहिणीला झाला असेल तर धोका सुमारे दुप्पट, म्हणजे शंभरात सहाच्या आसपास. उरलेल्या चौऱ्याण्णव जणींना तो होत नाही.

खरी उडी असते ती बीआरसीए-1 आणि बीआरसीए-2 या जनुकांतल्या दोषाने. तो असलेल्या शंभर बायकांपैकी सत्तरच्या आसपास जणींना ऐंशी वर्षांपर्यंत हा आजार गाठतो. स्तनाच्या एकूण कर्करोगांपैकी पाच ते दहा टक्केच असे आनुवंशिक असतात. घर मात्र अख्खं त्याच्या छायेत असतं.

माहेरी विचारायच्या गोष्टी

समजा, सेनगावकडची एक बेचाळीस वर्षांची बाई आहे. आशाताई दारात येऊन तक्त्यापलीकडचं विचारते, “घरात कुणाला कॅन्सर झालता का?” ती म्हणते, “नाई बाई, आमच्या घरात कुणालाच नाई.” ती खोटं बोलत नाही. लग्नाला चोवीस वर्षं झालेल्या बाईचं ‘घर’ म्हणजे सासर. पण सासूचा कर्करोग हिच्या रक्तात येत नसतो. दिवाळीला माहेरी गेल्यावर ती थोरल्या चुलतीला विचारते, तेव्हा निघतं: “तुझ्या आत्याला छातीवर गळू झालतं. पिकलं, वाहायला लागलं, त्यातच गेली. चाळिशीतही नव्हती.” ते गळू बहुतेक गळू नव्हतं.

म्हणून प्रश्न असा विचारावा: माहेरच्या नात्यात कुणाला छातीची किंवा पोटातली गाठ झाली होती का, कोणत्या वयात, आणि छाती काढली होती का? आई, बहीण, मावशी, आजी यांच्याइतकीच आत्या आणि वडिलांची आईही मोजायची, कारण हा दोष बापाकडूनही तितकाच येतो. अंडाशयाचा कर्करोगही याच घराण्यातला, म्हणून पोटातल्या गाठीची चौकशी. नात्यातल्या पुरुषाला स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर ती खूण फार महत्त्वाची.

मोबाइलवरची गणितं

अमेरिकेत 1989 मध्ये तयार झालेलं गेल मॉडेल आजही वापरलं जातं. वय, पहिली पाळी, पहिलं मूल, आधी काढलेले गाठीचे तुकडे आणि आई-बहीण-मुलीचा आजार यांवरून ते पुढच्या पाच वर्षांचा टक्का सांगतं. ते बेतलेलं आहे अमेरिकी बायकांच्या माहितीवर. शिवाय त्यात आत्या बसतच नाही. वरच्या उदाहरणातल्या बाईला ते निर्धास्त करून परत पाठवील. आलेला आकडा डॉक्टरांसमोर ठेवायला ठीक, स्वतःच निर्णय घ्यायला नाही.

मुंबईतल्या वीस वर्षांच्या अभ्यासाने काय दाखवलं

टाटा स्मारक रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांत 35 ते 64 वयाच्या 1,51,538 महिलांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांतल्या बायकांची स्तनतपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी फक्त हाताने केली. यंत्र नव्हतं. डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये निष्कर्ष मांडले. तपासलेल्या गटात आजार आधीच्या टप्प्यात सापडला. पन्नाशी ओलांडलेल्या महिलांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या महिलांमध्ये अशी घट दिसली नाही.

मला हा निकाल मराठवाड्यासाठी मोलाचा वाटतो. उपकेंद्रातली सिस्टर नीट शिकलेली असेल तर तिचे हात जीव वाचवू शकतात. आणि तपासणीचा सर्वांत जास्त फायदा जिला आहे, ती पन्नाशी-साठीची बाई ‘आता माझं काय राहिलंय’ म्हणत घरी बसलेली असते. शिबिराला सुना जातात, सासूला कुणी नेत नाही.

मग कोणी काय करायचं

लक्षण नाही आणि माहेरच्या नात्यातही काही नाही, तर सरकारी कार्यक्रमाप्रमाणे 30 ते 65 या वयात दर पाच वर्षांनी हाताने तपासणी. पन्नाशीनंतर मी तरी पाच वर्षं थांबू नका असंच सांगेन. महिन्यातून एकदा, पाळी सुरू झाल्यापासून आठवडाभराने, अंघोळीच्या वेळी स्वतः चाचपून पाहिलं तर आपली छाती नेहमी कशी असते ते हाताला कळतं आणि बदल लवकर ध्यानात येतो. तरुण वयात स्तनाची घडण दाट असते आणि मॅमोग्राफीत गाठ लपून जाते, म्हणून लक्षण नसताना पंचविशीत मॅमोग्राफी करून घेण्यात अर्थ नाही.

नात्यात दोघी-तिघींना झाला असेल, किंवा एकीलाच पण पन्नाशीच्या आत, तर वाट वेगळी. अशा बाईची तपासणी नात्यातल्या सर्वांत लहान रुग्णाच्या वयाच्या साधारण दहा वर्षं आधी सुरू करतात. आत्याला अडतिसाव्या वर्षी निदान झालं असेल, तर भाचीने अठ्ठाविशीच्या सुमारास तज्ज्ञांना भेटायचं. त्या वयात मॅमोग्राफीऐवजी एमआरआयचाही विचार होतो. ही सोय तालुक्याला मिळणार नाही. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय किंवा मुंबईचं टाटा गाठावं लागतं. जाताना नात्यातल्या रुग्णाचे जुने कागद, विशेषतः गाठीच्या तुकड्याचा रिपोर्ट, सोबत न्यावा.

जनुकाची चाचणी करायची ठरली, तर रक्त शक्यतो आधी आजार झालेल्या नातेवाइकाचं तपासतात. तिच्यात दोष सापडला की भाची, बहीण, लेक यांच्यात नेमका तोच शोधता येतो. ज्या लेकीत तो नसेल तिची तपासणी इतर बायकांसारखीच. आजारी बाई हयात असताना हे होणं सोपं, म्हणून माहेरची चौकशी पुढच्या दिवाळीवर ढकलू नये.