पलंगाची मऊ पाठ

सासूबाईंना रात्री उशाकडच्या भिंतीला टेकून वाचण्याची सवय. गेल्या पावसाळ्यात त्या भिंतीची ओल त्यांच्या पाठीला बाधू लागली, तेव्हा पलंगाला गादीदार पाठ घरीच करावयाचे ठरले. आमच्यासारख्या कापडाच्या व्यापाऱ्यांकडे कापडाची वानवा नसते; दुकानातील थानाचा उरलेला पट्टेदार सुती तुकडा मिळाला.

पलंग ६० इंच रुंद, कापडाचा पन्हा ५४. प्लायची जाडी, दोन इंची फोम आणि मागची मुडप धरून दोन्ही बाजूंना साडेचार इंच वाढवावे लागतात. म्हणजे ६९ इंच झाले. जोड नको असेल तर कापड आडवे धरावे. उभे पट्टे मग आडवे होतात, एवढेच.

फोम फेविकॉलने चिकटविला. (पूर्वीचे सुतार वापरीत तो सरस प्राण्यांच्या कातड्याहाडांचा, तो आपल्या घरात नकोच.)

खरी कसोटी पिना मारताना लागली. कोपऱ्यापासून आरंभ केला आणि पट्टे तिरके धावले, कारण विणीच्या तिरक्या दिशेने कापड सर्वाधिक ताणले जाते. साऱ्या पिना उपसल्या. मग चारही बाजूंच्या मध्यावर एकेक पिन मारून, समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने ओढीत कोपऱ्यांकडे सरकलो. कोपऱ्यांच्या घड्या अखेरीस घातल्या.

तयार पाठ भिंतीला न लावता पलंगाच्या चौकटीला बोल्टने जखडली आणि मागे दोन बोटे फट ठेवली, नाहीतर ओल फोममध्ये शिरते.

डावीकडचा एक पट्टा अजून किंचित वाकडा आहे. सासूबाईंनी पहिल्याच रात्री तो हेरला, आणि मग टेकून पुस्तक उघडले.