राजूर घाटात टायर किती कडक हवा?

टायर जितका टणक तितकी सायकल हलकी पळते, हा समज बुलढाण्याच्या गुळगुळीत डांबरी रस्त्यावर बऱ्याच अंशी खरा आहे. राजूर घाटाच्या आसपास अजिंठ्याच्या डोंगररांगेतल्या मुरमाड, दगडगोट्यांच्या पायवाटेवर मात्र तो टिकत नाही. बेसाल्टच्या प्रत्येक गोट्यावर टणक टायर उसळतो. पुढे जाण्यासाठी लावलेली ताकद चालवणाऱ्याचे अंग हादरवण्यात जाते आणि वळणावर पकडही सुटते. थोडा मऊ टायर गोटा पोटात घेतो, जमिनीला जास्त चिकटतो.

हवा कमी केली की पंक्चर होणार, हा आक्षेप रास्त आहे. दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटली की तिला दोन समांतर चिरा पडतात. म्हणून खालची मर्यादा पाळावीच लागते. पण बाभळीचा काटा टणक टायरमध्येही शिरतो. त्यावर सीलंटचाच उपाय. सत्तरेक किलो वजनाच्या माणसाने सव्वादोन इंची, ट्यूबच्या टायरमध्ये मागे 30, पुढे 27 पीएसआयपासून सुरुवात करावी. रिम दगडावर आपटली तर दोनने वाढवावे, चाक उसळले तर दोनने कमी करावे. टायरवर छापलेली कमाल मर्यादा मात्र कधीही ओलांडू नये.