बोटभर बाटलीचा खटला

दारू पिऊन गाडी चालवल्याच्या खटल्यात बचावाच्या वकिलाची नजर असते ती रक्ताच्या बोटभर बाटलीवर. रक्त कुणी काढलं, किती वाजता? दंड पुसायला स्पिरिट तर वापरलं नाही? बाटलीत सोडियम फ्लोराइड होतं का? नसेल, तर नमुना आंबून त्यातच अल्कोहोल तयार होऊ शकतं. सील कुणाचं, रात्रभर मुद्देमाल कुठं ठेवला होता, प्रयोगशाळेत कोण घेऊन गेलं? ऐकणाऱ्याला जांभई येते. खटला मात्र यावरच उलटतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. नवख्या वकिलाकडे येतात ती अशीच प्रकरणं, आणि बऱ्याच अशिलांना गुन्हा कबूल करून, दंड भरून मोकळं व्हायचं असतं. अशा वेळी सावध वकील आधी त्यांना थांबवतो. दोष सिद्ध झाला की परवानाही किमान सहा महिने जातो, आणि टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्याला दंडापेक्षा तेच जड जातं.

माणूस मेला की मात्र सगळा खेळ कलमाचा. निष्काळजीपणा की सदोष मनुष्यवध? २००६मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेले सात मजूर मोटारीखाली मेले. सत्र न्यायालयानं निष्काळजीपणा धरून सहा महिने दिले. उच्च न्यायालयानं सदोष मनुष्यवध मानून तीन वर्षं केली आणि २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली.

सलमान खानच्या खटल्यात उलट घडलं. २८ सप्टेंबर २००२च्या पहाटे वांद्र्यात बेकरीसमोर झोपलेला एक जण गेला. मे २०१५मध्ये सत्र न्यायालयानं पाच वर्षांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयात अमित देसाईंनी बाजू मांडली आणि डिसेंबरात सलमान निर्दोष सुटला. अंगरक्षक पोलिसाच्या पहिल्या फिर्यादीत दारूचा उल्लेखच नव्हता, तो नंतरच्या जबाबात आला. रक्ताच्या नमुन्याच्या हाताळणीवरही न्यायालयाला भरवसा वाटला नाही. लोक चिडले, ते समजण्यासारखं आहे. पण या त्रुटी वकिलानं निर्माण केल्या नव्हत्या. त्यानं त्या शोधल्या.

मर्यादा ओलांडणारेही असतात. दिल्लीत १९९९मध्ये बीएमडब्ल्यूनं सहा जणांना चिरडलं. त्या खटल्यातले बचावाचे ज्येष्ठ वकील आर. के. आनंद २००७मध्ये छुप्या कॅमेऱ्यात सापडले. साक्षीदार फोडण्याचा तो प्रयत्न न्यायालयाचा अवमान ठरला आणि उच्च न्यायालयानं त्यांना चार महिने कोर्टात उभं राहायला बंदी केली.

आणि पुणे. १९ मे २०२४ला कल्याणीनगरात पोर्शेनं दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. अल्पवयीन चालकाचं रक्त ससून रुग्णालयात बदलल्याचा आरोप झाला, डॉक्टरांना अटक झाली. बाटलीतलं रक्त नक्की कुणाचं, हा बचावाच्या वकिलाचा ठेवणीतला प्रश्न. या वेळी तो पोलिसांना पडला होता. त्यांनी औंधच्या सरकारी रुग्णालयात दुसरा नमुना घेतला आणि डीएनए जुळवून पाहिला.