डोळे मिचकावा, मगच पुढे जा

‘डोळे मिचकावा’ असे फोन सांगतो. समोरच्याने तसे केले, की समोर जिवंत माणूस आहे, नुसता फोटो नाही, हे पटते आणि बँकेची केवायसी पुढे सरकते. अ‍ॅसिड हल्ल्यात जिच्या पापण्याच जळून गेल्या, तिची केवायसी मात्र तिथेच अडते. प्रज्ञा प्रसून खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर हाच प्रश्न होता. डिजिटल सेवा वापरता येणे हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी सांगितले आणि केवायसी सुगम्य करण्यासाठी २० निर्देश दिले. मला या निकालातून एक गोष्ट स्वच्छ दिसते: अडथळा सेवा उभारणाऱ्याने घातलेला असतो, म्हणून तो काढण्याची जबाबदारीही त्याचीच.

हे अडथळे बहुतेक वेळा अगदी किरकोळ असतात. अंध व्यक्ती संकेतस्थळ कानाने वाचते. एनव्हीडीएसारखा मोफत स्क्रीन रीडर पानामागचा कोड वाचून बोलतो. चित्राच्या बटणाला कोडमध्ये नाव दिलेले नसेल, तर तो नुसते ‘बटण’ म्हणतो. पुढच्यालाही ‘बटण’, त्याच्या पुढच्यालाही ‘बटण’. यातले पैसे भरायचे कोणते आणि अर्ज रद्द करायचे कोणते, हे कळणार कसे? नाव द्यायला कोडचे दोन-चार शब्द पुरतात. मराठीत तर आपण आणखी एक भिंत उभी केली आहे. सही-शिक्क्याचे परिपत्रक स्कॅन करून टाकले, की ते अक्षर राहत नाही, चित्र होते. स्क्रीन रीडरला त्यात वाचण्यासारखे काही सापडत नाही. युनिकोडपूर्वीच्या फाँटमधला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतात, म्हणून कानावर निरर्थक आवाज पडतात.

‘असे वापरणारे किती?’ हा नेहमीचा आक्षेप. २०११च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, आणि २०१६च्या अपंग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले ते त्यानंतर. शिवाय पांढऱ्यावरची फिकट करडी अक्षरे मोतीबिंदू झालेल्या आजोबांनाही दिसत नाहीत; म्हणूनच डब्ल्यूसीएजी हे सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष साध्या मजकुरासाठी अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ इतका फरक मागतात. खर्चाचा आक्षेप खरा आहे, पण तो तयार संकेतस्थळ उकलून पुन्हा शिवण्याचा खर्च आहे. पहिल्या दिवसापासून काळजी घेतली तर तो फार थोडा. अपंगांसाठी वेगळे संकेतस्थळ काढण्याची सूचना मला घातक वाटते, कारण मुख्य पानावरची तारीख बदलते आणि वेगळ्या पानावरची तशीच राहून जाते. नियमांचे म्हणाल, तर सुगम्यतेची मानके केवळ शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, किमान मानके बंधनकारक करा, असे सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुडी खटल्यात नोव्हेंबर २०२४ मध्येच बजावले आहे. सरकारी कार्यालयांनी संकेतस्थळाच्या कंत्राटात एवढी एक अट घालावी: अंध व्यक्तीने कुणाच्याही मदतीशिवाय, माउसला हात न लावता, अर्ज पहिल्या रकान्यापासून पावतीपर्यंत भरून दाखवल्यावरच शेवटचा हप्ता द्यायचा.