फटफटी घरची, निगाही घरचीच

मैत्रिणींनो, शिवणयंत्राला तेल घालणं, मिक्सरचं पातं बदलणं, कुकरचा व्हॉल्व्ह तपासणं ही कामं आपण बिनबोभाट करतो. पण दारातल्या मोटारसायकलचा विषय निघाला, की "ते ह्यांचं खातं" म्हणून मोकळ्या होतो. कुंभार्ली घाट उतरताना मागच्या सीटवर कोण असतं? आपणच ना? मग ब्रेक लागतात की नाही, हे आपल्याला ठाऊक नको?

गावोगावच्या घरांत अजून जुनी बुलेट असते. कुणाच्या सासऱ्यांची, कुणाच्या वडिलांची. १९५५ साली मद्रासला ह्या गाडीची जुळणी सुरू झाली. इंग्लंडमधला मूळ कारखाना १९७० च्या सुमारास बंद पडला, पण आपल्याकडे ती बनतच राहिली. जुन्या बुलेटचा सिलिंडर बिडाचा. आपल्या बिडाच्या तव्यासारखाच! उशिरा तापतो, उशिरा निवतो आणि निगा राखली तर पिढ्यान् पिढ्या टिकतो. म्हणूनच लांबच्या प्रवासाला ही गाडी अजून निघते.

एक गोष्ट आधी सांगते. ह्या जुन्या गाडीचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो, नव्या गाड्यांच्या अगदी उलट. भाच्याला किंवा दिराला हौसेनं किल्ली देण्याआधी मोकळ्या मैदानावर दोन फेऱ्या मारायला लावा. आयत्या वेळी पाय सवयीच्याच बाजूला जातो.

आता तेलाचं. पुष्कळ लोक इथेच फसतात. ह्या इंजिनात तेलाची टाकी निराळी नसते, इंजिनाच्या पोटातच तिचा कप्पा असतो. गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली, की त्यातलं तेल हळूहळू पाझरून खाली उतरतं. सकाळी काडी बुडवून पाहावं तर तेल कमी! लगेच वरून ओतू नका. गाडी चार-पाच मिनिटं चालू ठेवा, पंप तेल वर आणतो, मग काडी पुसून पुन्हा पाहा. जास्तीचं तेल पडलं तर ते धुरावाटे आणि गळतीवाटे बाहेर येतं, आणि दोष मात्र बिचाऱ्या गाडीला.

साखळीचं काम तर निव्वळ घरकामच. जुना दात घासायचा ब्रश आणि वाटीभर डिझेल. (पूर्वी रॉकेल वापरत, ते आता मिळतंय कुठे?) इंजिन बंद असू द्या आणि गाडी मेन स्टँडवर घ्या. चाक हातानं फिरवत साखळी घासा, कोरडी पुसा, तेलाचे थेंब सोडा. चालू इंजिनावर साखळी कधीही पुसू नये, बोटं जातात. खालच्या बाजूला साखळी मधोमध साधारण एक इंच हलावी. चाक फिरवून चार ठिकाणी पाहा, कारण झिजलेली साखळी एका जागी सैल तर दुसऱ्या जागी ताठ असते. ताण द्यायला मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना गोगलगायीच्या आकाराच्या खाचांच्या चकत्या असतात. दोन्हीकडे खाच एकच हवी, नाहीतर चाक वाकडं बसतं. आणि हे विसरू नका, चाक मागे सरकलं की मागचा ब्रेकही पुन्हा जुळवावा लागतो. साखळी ओढली आणि ब्रेक तसाच ठेवला, असं काम अर्धवटच.

इंजिनातून टकटक ऐकू येते? उजव्या बाजूचं एका नटाचं छोटं झाकण काढा. आत दोन उभ्या सळ्या दिसतील. इंजिन पूर्ण गार असावं आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील अशा जागी पिस्टन आणलेला असावा. अशा वेळी ह्या सळ्या बोटांनी सहज गोल फिरल्या पाहिजेत, पण वरखाली हलता कामा नयेत. फिरत नसतील किंवा खुळखुळत असतील तर मिस्त्रींकडे न्या. "टॅपेट घट्ट आहेत" असं आपणच सांगितलं, की "इंजिन खोलावं लागेल, वहिनी" ही भाषा बरीच खाली येते, असा माझा अनुभव आहे.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी साचते ना, तिला खाण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून लावा. फसफसून निघून जाते. फक्त झाकणं घट्ट लावलेली हवीत, सोडा आत जाता कामा नये. पुसून कोरडं केल्यावर व्हॅसलिनचा हात फिरवा. आत घालायचं ते डिस्टिल्ड वॉटरच, नळाचं पाणी नव्हे.

पेट्रोलची नळी मात्र न चुकता पाहा. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. जुन्या गाडीचे रबरी वॉशर आणि नळ्या त्याला पुरत्या पडत नाहीत, फुगतात, तडकतात. नळी स्वस्त आहे, बदलून टाका. हे काम करताना जवळपास गॅस, उदबत्ती, तुळशीपुढचा दिवा, काही नको.

सुधारणांविषयी मला जरा परखडच बोलायचं आहे. घरातले पुरुष 'गाडी सुधारून आणतो' म्हणून जातात आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवून येतात. त्यानं दंड होतो आणि शेजारचं तान्हं बाळ दचकतं, सुधारणा कसली? त्याहून वाईट म्हणजे 'लूक' बिघडतो म्हणून साडी-गार्ड काढून टाकतात! मागे बसणाऱ्याला हाताला धरायला आधार, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकणारं संरक्षण हवं, असं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच, १२३ व्या नियमात लिहिलेलं आहे. पदर, ओढणी, रेनकोटचं टोक चाकात गेलं तर काय होतं, हे मी सांगायला नको. गार्ड काढलेल्या गाडीवर बसायचं नाही, हे एकदा स्पष्ट सांगावं. थोडा अबोला होईल, होऊ दे.

पैसे घालायचेच असतील तर आधी ब्रेकमध्ये घाला. ड्रम लेथवर गोल करून घ्यावा आणि नवे लायनर त्याच्या मापानं घासून बसवावेत, जुन्या बुलेटच्या ब्रेकचं निम्मं रडगाणं तिथे संपतं. जुन्या लायनरच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकतो. ती फुंकू नका, झटकू नका, ओल्या फडक्यानं टिपा आणि फडकं टाकून द्या. दुसरा खर्च दिव्यांचा. फार जुनी गाडी सहा व्होल्टची असेल तर बारा व्होल्टची करून घेता येते. मात्र बॅटरीबरोबर कॉइल, रेग्युलेटर, हॉर्न आणि सगळे बल्बही बदलावे लागतात, तेव्हा पुरता हिशेब आधी विचारा. रंग, क्रोम वगैरे दिवाळीला पाहता येईल.

टायरच्या कडेवर चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. वर नक्षी शाबूत असली तरी कडेला बारीक भेगा दिसल्या, की लांबच्या प्रवासाला ते टायर नको.

दूरच्या प्रवासाला निघताना क्लचची तार, ॲक्सिलरेटरची तार, प्लग, एक ट्यूब आणि हेडलाइटचा बल्ब जुन्या नॅपकिनमध्ये गुंडाळून पेटीत टाका. दोघांना दोन हेल्मेट, हे आलंच. आणि दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागची चार पानं गाडीला द्या. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती लागले. पहिल्याच ओळीत नोंदणीची मुदत लिहा. पंधरा वर्षांनंतर ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते आणि तपासणीला गाडी न्यावी लागते. दिवे, हॉर्न, ब्रेक आधीच्या रविवारी घरीच पाहून ठेवले तर आर.टी.ओ.चा दुसरा हेलपाटा वाचतो.